नीटनेटका पोशाख, बोलणे सुसंगत

माझ्या मामेभावाच्या फाईलमध्ये एक कागद आहे. मनाच्या आजारानं नोकरी सुटली, मग भत्त्यासाठी अर्ज केला, अर्जानंतर तपासणी झाली, त्या तपासणीचा हा अहवाल. भेट वीस-पंचवीस मिनिटांची. तपासणाऱ्यानं लिहिलंय: ‘वेळेवर हजर. पोशाख नीटनेटका. बोलणे सुसंगत. नजरेला नजर देतात.’ आणि या चार शेऱ्यांच्या जोरावर खाली निष्कर्ष, की हा माणूस काम करू शकतो.

तो शर्ट आदल्या रात्री त्याच्या बहिणीनं इस्त्री केला होता. सकाळी साडेसहापासून ती त्याला उठवत होती. अंघोळीला दीड तास लागला. त्यातला बराचसा वेळ तो बाथरूमच्या दाराला पाठ लावून नुसता बसून होता. वेळेवर हजर होती ती. तो फक्त तिच्याबरोबर होता. घरी आल्यावर पुढचे चार दिवस तो अंथरुणातून उठला नाही. त्या चार दिवसांसाठी अहवालात रकाना नव्हता.

तपासणाऱ्या माणसावर माझा राग नाही. (खरं तर आहे, पण तो या लेखाचा विषय नाही.) त्यानं समोर दिसलं ते लिहिलं. माझं भांडण वेगळं आहे. मनाच्या आजारानं काम थांबलेल्या माणसाला पैशाची मदत द्यायची, हे तत्त्व जगात बहुतेक ठिकाणी कागदावर मान्य झालेलं आहे. पण त्या मदतीपर्यंत पोचायला जी ताकद लागते, नेमकी तीच आजारानं काढून घेतलेली असते. आणि यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

अर्ज करायचा म्हणजे काय काय लागतं ते बघा. कुठली योजना आपल्याला लागू होते ते शोधायचं. डॉक्टरांचे कागद, पगाराच्या पावत्या, ओळखीचे पुरावे जमवायचे. आजार कधी सुरू झाला, कुठल्या तारखेपासून काम सुटलं, कुठल्या गोळ्या कधी बदलल्या ते आठवायचं. फोन करायचे, रांगेत थांबायचं, ‘उद्या या’ ऐकून उद्या जायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे अनोळखी माणसासमोर आपण किती निकामी झालो आहोत ते पटवून सांगायचं. आता यातला प्रत्येक तुकडा एकेका आजारापुढे ठेवा. नैराश्यात माणसाला मनापासून वाटत असतं की आपली मदत घ्यायची लायकीच नाही. तो अर्ज का करेल? ज्याला वाटतं की आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे, त्याला सरकारी लिफाफा म्हणजे पुरावाच. मंत्रचळ असलेली एक बाई मला ठाऊक आहे, तिनं एकच फॉर्म इतक्या वेळा नव्यानं लिहून काढला की मुदत टळली. आणि बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी उधाणतं आणि कधी खचतं त्या आजारात, माणूस उधाणलेला असेल तर तो तपासणाऱ्याला सांगतो, मला काही झालेलं नाही, उलट मी तीन धंदे सुरू करतोय.

म्हणजे जो अर्ज नीट भरतो तो बरा ठरतो, आणि ज्याला भरता येत नाही तो कुणाच्या हिशेबातच येत नाही. नकार मिळालेल्यांची निदान मोजदाद होते. न आलेल्यांची कोण करणार?

हे असं का झालं याला इतिहास आहे. काम न करता येणाऱ्याला विम्यातून पैसे देण्याची कल्पना जर्मनीत बिस्मार्कच्या काळात कायद्यात आली. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये वृद्धत्व आणि अपंगत्वाचा. १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सामाजिक सुरक्षेचे किमान निकष ठरवणारा १०२ क्रमांकाचा करार केला, त्यातल्या नऊ शाखांमध्ये आजारपण आणि अपंगत्व या दोन स्वतंत्र शाखा आहेत. अमेरिकेत अपंगत्वाचा विमा १९५६ साली आला, तोही आधी पन्नाशी ओलांडलेल्यांपुरता. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता तो बहुधा कारखान्यातला, अनेक वर्षं नोकरी केलेला, यंत्रात हात सापडलेला किंवा छाती खराब झालेला. हात गेला की गेला. तो सोमवारी नसतो आणि गुरुवारी परत येतो असं होत नाही.

मनाचा आजार मात्र अगदी असाच येतो-जातो. तीन आठवडे बरे, मग दहा दिवस काळोख, मग एक बरी दुपार. नियमांची भाषा अजूनही त्या तुटलेल्या हाताची आहे. अमेरिकेत आजार किमान १२ महिने टिकणारा असावा लागतो, किंवा प्राणघातक. ऑस्ट्रेलियात अपंगत्वाच्या पेन्शनसाठी आजाराचं निदान आणि उपचार झालेले असावेत आणि तो ‘स्थिरावलेला’ असावा अशी अट आहे. स्थिरावलेला! ज्या आजाराचं लक्षणच अस्थिरता आहे त्याला स्थिर होऊन दाखवायला सांगायचं. ब्रिटनमध्ये २०१३ पासून दिला जाणारा वैयक्तिक स्वावलंबन भत्ता थेट कामाशी बांधलेला नाही, पण त्याची एक अट मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते: एखादी अडचण निम्म्याहून जास्त दिवस येत असेल तर ती धरायची. निदान दिवस मोजायला हवेत, समोरची वीस मिनिटं नव्हे, एवढं तरी तिथं मान्य आहे.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं मानसिक आजाराला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली. मोजमापासाठी जी पट्टी वापरतात ती स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, आणि काम अशा चार गोष्टी विचारते, वर आजार किती वर्षांचा तेही धरते. ही पट्टी वाईट नाही. कुठला आजार आहे यापेक्षा आजारानं काय काय बंद पडलंय हे ती बघते, आणि बघायचं तेच असतं. घोळ पुढे आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात, केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला मात्र ८० टक्के, आणि वर दारिद्र्यरेषेखाली असल्याची अट. ४० आणि ८० च्या मधला माणूस कागदावर दिव्यांग असतो. नोकरी जमत नसली तरी केंद्राची ही पेन्शन त्याला मिळत नाही. त्याला पोसतं घर. घर म्हणजे बहुतेक वेळा एक आई किंवा एक बहीण.

मनाचं दुखणं हे खरं दुखणं नाही, हा संशय नियम लिहिणाऱ्यांच्या लेखणीत किती खोल मुरलेला असतो त्याचं एक उदाहरण ब्रिटनमधलंच आहे. घराबाहेर पडून ठरल्या ठिकाणी पोचता येतं का, हा तिथल्या त्याच स्वावलंबन भत्त्याचा एक निकष, आणि अडचण जितकी मोठी तितके गुण जास्त. २०१७ च्या मार्चमध्ये सरकारनं नियम बदलला: माणूस ‘मानसिक त्रासामुळे’ बाहेर पडू शकत नसेल तर त्याला जास्तीचे गुण नाहीत. घराचं दार दोघांनाही ओलांडता येत नाही, पण एकाला गुण आणि दुसऱ्याला नाहीत, कारण दुसऱ्याला फक्त भीती वाटते. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं हा नियम उघड भेदभाव करणारा आहे असं म्हणून रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि सुमारे १६ लाख प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली.

फेरतपासणीचा हात जड पडला की काय होतं, त्याचीही नोंद आहे. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानं जुन्या लाभार्थ्यांची नियमित फेरतपासणी सुरू केली आणि १९८१ पासून तिचा सपाटा असा लागला की लाखो लोकांचे लाभ थांबले. त्यात मनोरुग्णांना फटका मोठा बसला, कारण पत्राला उत्तर द्यायचं आणि मुदतीत अपील करायचं हे त्यांनाच सर्वांत अवघड. ओरड इतकी झाली की १९८४ मध्ये सुधारणेचा कायदा दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत न पडता मंजूर झाला. आजारात खरोखर सुधारणा झाल्याचं दिसल्याशिवाय लाभ काढून घ्यायचा नाही आणि मानसिक आजारांचे निकष नव्यानं लिहायचे, असं त्यात ठरलं. इंग्लंडमध्ये २०१० ते २०१३ या काळात सुमारे दहा लाख लोकांची कामाच्या क्षमतेची फेरतपासणी झाली. जिथं ती जास्त झाली त्या भागांत आत्महत्याही जास्त वाढल्या असं संशोधकांना आढळलं. त्यांचा अंदाज ५९० जादा आत्महत्यांचा होता. फेरतपासणीनंच हे घडवलं असं या आकड्यानं सिद्ध होत नाही, ते संशोधकांनीही म्हटलेलं नाही. पण एखाद्या औषधाबद्दल अशी शंका निघाली असती तर ते आधी बाजारातून मागे घेतलं असतं, मग चर्चा केली असती.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती वेळेवर कुणी सांगत नाही. राजीनामा.

माझ्या भावानं तो दिला होता. दोन ओळींचा, रात्री दीड वाजता पाठवलेला. ‘माझ्यामुळे सगळ्यांचं काम अडतंय, मला मोकळं करा.’ ही आजाराची भाषा होती, पण साहेबांनी ती राजीनाम्याची भाषा म्हणून वाचली आणि दुसऱ्या दिवशी मंजूर केला. त्या दोन ओळींनी आजारपणाची रजा गेली, नोकरीबरोबरचा विमा गेला, आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘स्वेच्छेने’ असं लिहावं लागलं. स्वेच्छा हा शब्द मी इतक्या चुकीच्या जागी कधी वाचला नव्हता.

नोकरीत असताना आजारी पडलेल्या माणसाला जे हक्क असतात ते नोकरी सुटल्यावर आजारी असलेल्याला जवळजवळ कुठेच नसतात. नेदरलँड्समध्ये आजारी कर्मचाऱ्याला मालकानं दोन वर्षांपर्यंत पगाराचे किमान ७० टक्के द्यायचे असतात. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेत दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के मिळू शकतात. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं, हे २०१६ च्याच कायद्याच्या विसाव्या कलमात आहे. हे सगळं राजीनाम्याच्या एका ओळीनं संपतं. म्हणून घरातल्यांना माझं सांगणं असतं की डॉक्टरकडे नेणं एक, आणि राजीनामा लिहू न देणं दुसरं. लिहिलाच असेल तर तो आजाराच्या भरात लिहिला होता असं डॉक्टरांच्या पत्रासह लगेच कळवा. आणि मालकांना एवढंच की रात्री दीडला आलेला राजीनामा सकाळी मंजूर करण्याची इतकी घाई कशाला?

ज्यांना नोकरी लागलीच नाही त्यांचं काय, हा याहून वाईट प्रश्न. स्किझोफ्रेनियासारखा आजार बऱ्याचदा अठरा-वीस-बाविशीत उघडा पडतो. वर्गणीवर चालणारा विमा मात्र आधी किती वर्षं भरलीत ते विचारतो. ज्याचं शिक्षणच अर्धवट सुटलं त्यानं वर्गणी कशातून भरायची? बाविशीच्या आधी दिव्यांगत्व आलेल्या मुलाला आईवडिलांच्या वर्गणीवर लाभ देण्याची सोय अमेरिकेत आहे, ती चांगली आहे. पण अशी सोय नसेल तिथं या मुलांच्या वाट्याला उरते ती गरिबीच्या निकषावरची मदत. तिच्यात आधी सगळं संपवून, कफल्लक होऊन यावं लागतं. अमेरिकेतल्या अशा योजनेत एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. आजारी माणसानं अडीअडचणीला चार पैसे बाजूला टाकले की तो नियम मोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. हा आकडा भाषणांत नेहमी येतो, उत्पादन किती घटलं ते सांगायला. त्या दिवसांचं घरभाडं कुणी भरलं, ते मात्र कुणी मोजत नाही.

याला दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं लबाडीचं. ताप मोजता येतो, मन मोजता येत नाही, मग कुणीही उठून सोंग आणेल. सोंग आणणारे असतात, नाही म्हणत नाही. पण कुठलीही तपासणी दोन बाजूंनी चुकते: लबाडाला पैसे जातात, किंवा खऱ्या आजाऱ्याला जात नाहीत. पहिल्या चुकीवर चौकशी बसते, बातमी होते. दुसरी चूक घरात निजून असते. आणि सोंगाड्याचं एक बरं असतं, त्याची कागदपत्रं चोख असतात. पायऱ्या वाढवत गेलात तर त्याला फरक पडत नाही. गळतो तो दुसराच.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि ते मला अर्धं मान्य आहे. काम हेच औषध आहे, बसून पैसे दिले तर माणूस बसूनच राहतो. कामानं दिवसाला आकार येतो, चार माणसं भेटतात, हे खरंच आहे. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगन आणि सोफिया या सहा शहरांत ३१२ तीव्र मनोरुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखं आधी प्रशिक्षण, मग नोकरी अशा वाटेनं नेलं. दुसऱ्या गटाला थेट खऱ्या नोकरीत घातलं आणि पाठीशी आधाराचा माणूस ठेवला. निदान एक दिवस तरी नोकरी केलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के होतं, दुसऱ्यात ५५ टक्के. तेव्हा काम जमतं, पण मागे माणूस हवा. आणि मागे पैसाही हवा. काम करून बघितलं आणि नाही जमलं तर भत्ता परत मिळेल का, ही धास्ती असेल तर कुणी करून बघतच नाही. अमेरिकेत अपंगत्वाच्या विम्यावर असलेल्याला नऊ महिने कामाची चाचणी घेता येते, तेवढ्यात लाभ थांबत नाही. मला हे नऊ महिने फार मोलाचे वाटतात. भत्ता असला की माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की भत्ता गमावण्याच्या भीतीनं किती जण घरी बसलेत.

मग काय करायला हवं? माझं म्हणणं साधं आहे आणि अर्थखात्याला ते आवडणार नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरनं काम अशक्य आहे असं लिहून दिलं की तात्पुरती मदत तिथूनच सुरू व्हावी, तपासणी नंतर सावकाश करा. अर्ज आजारी माणसानं करायचा हा हट्ट सोडा. दवाखान्यातल्या समाजसेवकानं किंवा घरच्यांनी भरलेला अर्ज तितकाच पक्का धरा. अमेरिकेत बेघर मनोरुग्णांसाठी अर्ज भरायला कार्यकर्ते खास शिकवून तयार करतात, तेव्हा हे अशक्य नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणून मदत बंद, हा नियम या आजारांपुरता तरी पुसून टाका. माझ्या भावाच्या गादीखाली अकरा न उघडलेले लिफाफे सापडले. पाच बँकेचे होते. एकात फेरतपासणीची तारीख होती, त्यानंतरच्या एकात ‘आपण प्रतिसाद न दिल्याने’ असं सुरू होणारं पत्र. न उघडलेला लिफाफा हे या आजाराचं लक्षण आहे. तो असहकार म्हणून कसा वाचला जातो?

कर्जाच्या बाबतीत इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून हे ओळखलं गेलं आहे. मानसिक आजाराच्या तीव्र टप्प्यावर उपचार चालू असल्याचं अधिकृत व्यावसायिकानं लिहून दिलं की तो उपचार चालेतो, आणि वर ३० दिवस, सावकारांचा तगादा थांबतो, बहुतेक व्याज आणि दंडही गोठतो. रुग्णानं स्वतः अर्ज करायची गरज नसते, दुसरा कुणी त्याच्यासाठी करू शकतो. तगाद्याला जे जमतं ते भत्त्याला का जमू नये?

तोवर ज्यांना या दारातून जायचंच आहे त्यांनी निदानाच्या नावावर विसंबू नये. ‘डिप्रेशन आहे’ या वाक्याला फाईलमध्ये वजन नसतं. आज किती वाजता उठला, कुणी उठवलं, गॅस चालू राहिला का, औषध आठवण करून दिल्यावर घेतलं की आपणहून, बाहेर गेल्यावर परत कसा आला आणि त्यानंतर किती दिवस पडून होता, हे रोज दोन ओळीत वहीत लिहावं. ‘स्वयंपाक करू शकता का’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर खरं असूनही चुकीचं असू शकतं. डॉक्टरांना ती वही दाखवावी आणि त्यांच्या पत्रात आजाराच्या नावाबरोबर हेही लिहून मागावं. चांगल्या दिवशी काय जमतं ते लपवू नये, पण वाईट दिवस किती आणि कसे ते सांगितल्याशिवाय उठू नये.

माझ्या भावाच्या बहिणीनं अपिलाआधी सहा आठवडे अशी वही लिहिली. अपिलाच्या आदल्या रात्री घरात शर्टावरून वाद झाला. कुणीतरी जाणत्यानं सल्ला दिला होता, या वेळी इस्त्री करू नका, दाढीही राहू दे. मामाचंही तेच मत पडलं. ती ऐकेना. म्हणाली, मदत मिळायची म्हणून मी त्याला लोकांपुढे भिकाऱ्यासारखा नाही नेणार, आणि इस्त्री करायला बसली. मी मध्ये पडलो नाही, कारण दोघांचंही मला पटत होतं.

दुसऱ्या दिवशी समोर तिघं होते. मधल्या बाईंनी फाईल बाजूला सरकवली आणि पहिला प्रश्न त्याला न विचारता तिला विचारला: आज सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत काय काय झालं, ते सगळं सांगा. तिनं साडेसहापासून सुरुवात केली.